‘सेडेंटरी’ म्हणजे नक्की कोण बसलंय?



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझा सिनॉप्सिस परत आला, तो एका विशेषणामुळे. विषय होता सोलापूरच्या बिडी कामगार बायकांचं शारीरिक श्रम आणि आरोग्य. शीर्षकात मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘सेडेंटरी महिला कामगार’. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा खाली करून विचारलं, “या बायका सेडेंटरी कशा? कुणाच्या व्याख्येनं?” मी म्हटलं, “मॅडम, त्या दिवसभर बसूनच काम करतात ना.” त्यावर त्या म्हणाल्या, “न्यायाधीशही बसूनच काम करतात. लोकलचा मोटरमनही. पायाची मशीन चालवणारा शिंपीही. चौघांना एका गटात टाकणार का तुम्ही?”

मी काहीतरी पुटपुटले. पुढची सहा महिने सादरीकरणाची तारीख नव्हती.

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न अगदी बरोबर होता. तुमच्यापैकी जे आत्ता पेट किंवा नेटचा अभ्यास करताय आणि विषय शोधताय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कारण हा शब्द तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच. प्राणिशास्त्रात भेटेल, पुरातत्त्वात भेटेल, आहारशास्त्रात तर रोज भेटेल. आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळंच काहीतरी सांगत असेल.

मूळ सोपं आहे. लॅटिनमधल्या ‘बसणे’ या क्रियापदावरून हा शब्द आला. आपल्या संस्कृतमधला ‘सद्’ धातू त्याच कुळातला, म्हणजे सदन, संसद, परिषद ही सगळी त्याची भावंडं. गंमत म्हणजे पक्ष्याचं घरटं म्हणजे ‘नीड’, तेही याच कुळातलं. पण व्युत्पत्ती सांगून झाली की व्याख्या सांगून झाली असं समजणारे बरेच प्रबंध मी पाहिलेत. पहिल्या प्रकरणात शब्दकोशातली एक ओळ, ‘फार हालचाल न करणारा’, आणि पुढे दोनशे पानं त्या ओळीच्या भरवशावर. हालचाल कशाची? एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची? खुर्चीतून उठण्याची? की स्नायूंची? शब्दकोशाचं हे उत्तर देणं कामच नाही. ते संशोधकाचं काम आहे.

चिमणीचं उदाहरण घ्या. पक्षिशास्त्रात चिमणी सेडेंटरी असते. म्हणजे काय, तर ती स्थलांतर करत नाही, वर्षभर एकाच परिसरात राहते. आता चिमणी दिवसभरात किती उड्या मारते हे अंगणात पाच मिनिटं उभं राहून बघा. तिला कुणी ‘बैठी’ म्हणेल का? इथे शब्द ठिकाणाबद्दल बोलतोय, शरीराच्या हालचालीबद्दल अवाक्षरही नाही. पुरातत्त्वातही तेच. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीबद्दल वाचताना ‘सेडेंटरी’ शेतकरी असा शब्द भेटतो, आणि शेवटच्या टप्प्यात ते लोक अर्धभटके झाले असावेत अशी मांडणीही भेटते. तिथे वाद आहे तो गाव सोडण्याचा. शेतात राबणाऱ्या त्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाहीये.

एम.एस्सी. झूलॉजीवाल्यांना तर हा शब्द आणखी एका ठिकाणी फसवतो. आपण परीक्षेत लिहायचो की वलयी प्राण्यांतल्या पॉलिकीटांचे दोन गट, हिंडणारे आणि एका जागी राहणारे. पहिल्यात नेरीस, दुसऱ्यात अरेनिकोला. मधल्या काळात ही विभागणी वरवरची म्हणून बाजूला पडली होती. २०११मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारावर ती पुन्हा वर आली, आणि तिच्यात गांडूळही ‘सेडेंटेरिया’ या गटात जाऊन बसलं! पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं गांडूळ. म्हणजे इथे नाव वंशाचं उरलंय, वागणुकीचं नाही. शिवाय ‘सेसाइल’ आणि ‘सेडेंटरी’ यांची सरमिसळ करू नका. खडकाला कायमचं चिकटलेलं बार्नॅकल सेसाइल. बिळात राहून थोडंफार सरकणारा प्राणी सेडेंटरी. हा फरक दोन गुणांचा म्हणून शिकवला जातो, पण तो बराच मोठा आहे.

या शब्दावरून दोन देशांमध्ये युद्धनौका निघाल्या होत्या, हे माहितीये का? १९६१ ते १९६३ या काळात ब्राझील आणि फ्रान्स यांच्यात लॉबस्टरवरून भांडण झालं. फ्रेंच बोटी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, पण त्याच्या खंडमंचावर लॉबस्टर पकडत होत्या. १९५८च्या जिनिव्हा करारानुसार खंडमंचावरच्या ‘सेडेंटरी’ प्रजातींवर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क. ब्राझील म्हणे, लॉबस्टर समुद्रतळावर चालतो, म्हणजे तो आमचा. फ्रान्स म्हणे, तो उड्या मारून पोहतो, म्हणजे तो माशासारखा, कुणीही पकडावा. त्यावर ब्राझीलच्या बाजूनं एक उत्तर दिलं गेलं असं सांगतात, की उडी मारली म्हणून लॉबस्टर मासा होत असेल तर कांगारूही पक्षी म्हणायला हवा.

किस्सा मजेशीर आहे, पण मला त्यातली व्याख्या जास्त आवडते. १९८२च्या समुद्र कायदा करारातही तीच आहे. पकडण्याजोग्या अवस्थेत जो जीव समुद्रतळावर किंवा तळाखाली स्थिर असतो, किंवा तळाला सतत टेकून राहिल्याशिवाय हलूच शकत नाही, तो सेडेंटरी. बघा, किती गोष्टी आल्या! कोणत्या वयात, कशाच्या संदर्भात, कोणत्या प्रकारची हालचाल. शिंपल्याची अळी पाण्यात तरंगत फिरते, म्हणून ‘पकडण्याजोग्या अवस्थेत’ हे शब्द. वकिलांनी लिहिलेली ही व्याख्या आपल्या कित्येक विज्ञानाच्या पेपरपेक्षा नेटकी आहे, हे कबूल करायला मला जड जातं, पण आहे.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे माणसाकडे. खरा घोळ इथे आहे.

आपल्याकडच्या पोषणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक तक्ता वर्षानुवर्षं छापला जातोय. व्यवसायावरून श्रमाचे तीन रकाने, सेडेंटरी, मध्यम आणि जड. तुम्ही पाठही केला असेल. पुरुषांच्या सेडेंटरी रकान्यात शिक्षक, शिंपी, न्हावी, पुजारी, शिपाई आणि पोस्टमन. बायकांच्या सेडेंटरी रकान्यात शिक्षिका, परिचारिका आणि गृहिणी. मध्यम रकान्यात शेतमजूर, घरकाम करणारी मोलकरीण आणि हो, बिडी वळणारी बाई.

हा तक्ता एकदा शांतपणे वाचा. वॉर्डात बारा तास पायांवर असलेली नर्स सेडेंटरी. मांडी घालून बसलेली बिडी कामगार मध्यम. आणि तीच भांडी, तोच केर, तीच लादी. दुसऱ्याच्या घरी जाऊन केली की काम मध्यम, स्वतःच्या घरी केली की सेडेंटरी! इथे स्नायू मोजलेलेच नाहीत. पगार मिळतो का, हे मोजलंय. मला नाही वाटत कुणी मुद्दाम केलं असेल. पण तक्ता करताना कुणी घरात डोकावलं नाही, आणि आपण पाठ करताना प्रश्न विचारला नाही.

तक्त्याची बाजूही सांगते. तो आजारपणाबद्दल काही म्हणत नव्हता, तर कुठल्या कामाच्या माणसाला अंदाजे किती ऊर्जा लागेल याची सोय करत होता. मोठ्या समूहाचं धान्याचं गणित करायचं तर अशी ढोबळ खाती लागतातच. पण खातं ढोबळ असलं तरी त्याचे परिणाम ढोबळ नसतात. आयसीएमआर आणि एनआयएनच्या २०२०च्या शिफारशींत ५५ किलोच्या स्त्रीसाठी सेडेंटरी असल्यास दिवसाला १६६० किलोकॅलरी आणि मध्यम श्रमाची असल्यास २१३०. फरक ४७० किलोकॅलरींचा, म्हणजे साधारण चार-पाच पोळ्या. एखाद्या बाईला तुम्ही चुकीच्या रकान्यात टाकलंत, तर कागदावर तिच्या ताटातल्या चार-पाच पोळ्या इकडच्या तिकडे होतात. ‘पुरेसं खाते’ की ‘कमी खाते’ हा तुमचा निष्कर्षच उलटतो.

आणि त्या पोस्टमनचं काय? इथे मला खरी मजा वाटते. व्यायाम आणि हृदयरोग यांच्या अभ्यासात सगळे ज्याचा दाखला देतात तो जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांचा पेपर १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना त्यात होती. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. वाहकांमध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार कमी आढळला. मग त्यांनी टपाल खात्यातही तसंच आढळतं का ते पाहिलं. एका बाजूला बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर, आणि दुसऱ्या बाजूला, चालणाऱ्या माणसाचा नमुना म्हणून, पोस्टमन! तोच पोस्टमन आपल्या तक्त्यात सेडेंटरी. मी असे प्रबंध वाचलेत ज्यात एका पानावर मॉरिसचा दाखला आहे आणि दहा पानांनंतर हा तक्ता आहे. दोन्ही एकमेकांना छेदतात, हे ना लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं ना तपासणाऱ्याच्या.

मॉरिसचा पेपर वाचाल तेव्हा तिथेच थांबू नका. १९५६मध्ये त्याच गटानं बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांवर आणखी एक पेपर लिहिला. चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, आणि अगदी तरुण वयाच्या चालकांतही हा फरक होता. म्हणजे बसून बसून माणूस जाड झाला, की मुळात जाड असलेला माणूस चालकाच्या खुर्चीकडे गेला? काही अंशी तरी दुसरी शक्यता मानावी लागते. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेणारा हा दुसरा पेपर मला पहिल्याहून जास्त आवडतो. पण दाखला मात्र सगळे पहिल्याचाच देतात, कारण तोच पेपर पहिल्या प्रकरणात शोभून दिसतो.

बरं, मग आज या शब्दाची मान्य व्याख्या कोणती? २०१७मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांच्या जाळ्यानं एकमतानं ठरवलेली व्याख्या अशी, की जागेपणी, बसलेल्या, रेललेल्या किंवा आडव्या स्थितीत असताना १.५ मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च होणारं कुठलंही वर्तन. शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे साधारण १ मेट. तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. झोप यात येत नाही. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस यात येत नाही, फार हलत नसला तरी. आणि बसून पायाची मशीन चालवणाऱ्या शिंप्याला बसलेला पाहून या रकान्यात टाकता येत नाही, आधी ऊर्जा मोजावी लागते. त्याच्या मशीनला मोटर लावली की उत्तर बदलू शकतं. व्यवसाय तोच, दुकान तेच, माणूसही तोच.

याच गटानं २०१२मध्येच नियतकालिकांना पत्र लिहून विनंती केली होती, की पुरेसा व्यायाम न करणाऱ्या माणसाला ‘सेडेंटरी’ म्हणू नका, ‘इनॅक्टिव्ह’ म्हणा. कारण त्याआधीच्या बऱ्याच पेपरांत ‘सेडेंटरी’ म्हणजे फक्त ‘व्यायामाच्या गटात नसलेला’. प्रयोगशाळेतला सेडेंटरी उंदीर म्हणजे तर ज्याला धावायला चाक दिलं नाही तो. बिचाऱ्यानं काही निवडलेलं नाही! तेव्हा जुने पेपर वाचताना शीर्षकावर जाऊ नका. ‘पद्धती’ विभाग उघडा आणि तिथे प्रत्यक्षात काय मोजलंय ते बघा. प्रश्नावलीत ‘तुम्ही व्यायाम करता का’ एवढंच विचारलं असेल, तर त्या पेपरला बसण्याबद्दल काहीही बोलण्याचा अधिकार नाही.

सकाळी तासभर पळून नंतर दहा तास खुर्चीत बसणारा माणूस पुण्यात गल्लोगल्ली सापडेल. तो सक्रियही आहे आणि बराच वेळ सेडेंटरीही आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एक विश्लेषण २०१६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळपास दिसेनासा होतो, असं त्यात आढळलं. आणि आपल्या व्हॉट्सॲपवर काय फिरतं? ‘बसणं म्हणजे नवं धूम्रपान.’ ही तुलना मला बेजबाबदार वाटते. तंबाखूशी तिची बरोबरी करता येईल इतका पुरावा नाही, आणि जिला बसूनच तंबाखू हाताळावी लागते त्या बाईसमोर ते वाक्य म्हणून बघा.

मोजमापाच्या यंत्रालाही पूर्वग्रह असतो. कमरेला लावलेला ॲक्सेलरोमीटर मिनिटाला शंभरपेक्षा कमी काउंट दाखवत असेल तर ती मिनिटं सेडेंटरी, असा संकेत बऱ्याच अभ्यासांत वापरला जातो. पण कमरेवरच्या यंत्राला माणूस बसलाय की नुसता उभा आहे, हे नीट कळत नाही. आणि हात? बिडी वळताना कंबर हलत नाही. तेंदूचं पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, तोंड मुडपणं, दोरा गुंडाळणं, सगळं हातांत. कमरेच्या यंत्राला विचाराल तर ती बाई दिवसभर टीव्ही बघत बसली होती.

बसण्याचेही प्रकार असतात, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको. टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-संग्राहक लोकांवरचा एक अभ्यास २०२०मध्ये आला. ते लोकही दिवसाला जवळजवळ दहा तास विश्रांतीच्या स्थितीत असतात, पण त्यातला बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर. आणि उकिडवं बसताना पायांच्या स्नायूंचं काम खुर्चीत बसण्यापेक्षा जास्त असतं. हे वाचून मी आईला फोन केला आणि विचारलं, आजी भाकरी थापायची ते कशी बसून? “एक गुडघा वर करून,” आई म्हणाली, “हे काय संशोधन तुझं?”

मराठीत लिहिणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. ‘सेडेंटरी’ला आपण सरसकट ‘बैठी’ म्हणतो, ‘बैठी जीवनशैली’. आता ‘बैठे पक्षी’ लिहून बघा. ‘बैठं गाव’ लिहून बघा. हसू येतं, आणि त्या हसण्यातच परीक्षा आहे. पक्ष्यांसाठी ‘निवासी’ लागतं, वसाहतीसाठी ‘स्थायिक’, माणसाच्या कामासाठी ‘बैठं’. इंग्रजीत एका शब्दामागे लपलेले अर्थ मराठीत आले की आपोआप वेगळे होतात. म्हणून मी आता एक सवय लावून घेतलीये. व्याख्या इंग्रजीत लिहिण्याआधी ती मराठीत एखाद्या बिगर-विज्ञानवाल्या माणसाला सांगायची. अडखळले, तर समजायचं की मलाच कळलेलं नाही. अर्थात मराठीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तालमीत पोरं घाम गाळत मारतात त्याही ‘बैठका’च, आणि गाईड सर ‘तुझी बैठक कमी पडते’ म्हणतात तेव्हा ते माझी चिकाटी मोजत असतात.

तर माझ्या सिनॉप्सिसचं काय झालं? शीर्षकातून शब्द गेला. गाईड सरांना आधी पटलं नाही. तो शब्द टाकला की सर्चमध्ये पेपर वर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नाही. मी तो कीवर्डमध्ये ठेवला आणि पद्धती विभागात तीन वेगळी मापं लिहिली. शरीराची स्थिती मांडीवरच्या यंत्रानं, ऊर्जेचा अंदाज वेगळा, आणि हातांच्या कामाची नोंद मी स्वतः समोर बसून. घरकामाचा वेगळा रकाना केला. कारण हजार बिड्या कारखान्यात देऊन आल्यावर त्या बायकांचा दिवस संपत नाही, आणि तक्त्याप्रमाणे त्या तेव्हा ‘गृहिणी’, म्हणजे सेडेंटरी असतात.

दुसऱ्यांदा सादर केलं तेव्हा त्याच मॅडम होत्या. त्यांनी एकच विचारलं, यंत्र कोणत्या मांडीवर लावणार? मी म्हटलं, उजव्या, सूचनापुस्तिकेत तसंच आहे. त्यांनी मान डोलावली.

सोलापूरच्या पूर्व भागात पहिल्याच घरी मी यंत्र काढलं. मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “इकडं नको बाई,” त्या म्हणाल्या, “उजव्या मांडीवर सूप असतंय. टोचल. डाव्या मांडीला लाव.” आता माझ्या शीटमध्ये प्रत्येक बाईच्या नावापुढे, सूप कोणत्या मांडीवर, याचाही एक रकाना आहे.